किशोरवयीन मुलांच्या चांगल्या सवयींवर खरा प्रभाव कोणाचा पडतो?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा नववीत आणि मुलगी सातवीत आहे. मुलगा समजूतदार आहे, अभ्यासातही बरा आहे. परंतु गेल्या वर्षभरात त्याच्या दिवसाची घडी विस्कटत चालली आहे, हे आई म्हणून मला रोज दिसते. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की चौकातील चायनीजच्या गाड्यावर मित्रांबरोबर उभे राहणे, वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली, आणि घरी आल्यावर ताटाकडे लक्ष नाही, नजर मोबाइलमध्ये. रात्री बारापर्यंत जागरण आणि सकाळी उपाशीपोटी शाळा. त्याच्या वर्गातील काही मुले मावा खातात, असे त्यानेच मला सांगितले. त्याने ते मोकळेपणाने सांगितले याचे समाधान आहे. पण सांगताना त्याला त्यात काही वावगे वाटत असल्याचे दिसले नाही, याची काळजी त्याहून अधिक वाटते.

शाळेत व्यसनमुक्तीवर व्याख्यान झाले, सामूहिक शपथ झाली, घोषवाक्यांची स्पर्धाही झाली. घरी आम्ही दोघेही समजावून सांगतो. मुलांना माहिती नसते असे मला वाटत नाही. तंबाखूने कर्करोग होतो हे चौथीतले मूलही सांगेल. त्यामुळे मनाई कशी करावी, हा माझा प्रश्न नाही. या वयात मुलांना व्यायामाकडे, चांगल्या आहाराकडे, वेळेवर झोपण्याकडे ओढून नेणारी माणसे आणि परिस्थिती नेमकी कोणती असते, आणि आमच्यासारख्या साध्या पालकांना ती गावात जाणीवपूर्वक उभी करता येते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मुलांमध्ये प्रत्यक्ष वावरलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

जुने मैदान

ताई, मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो. आता निवृत्त आहे. आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नववी-दहावीचा मुलगा वडिलांचे ऐकत नाही, शिक्षकांचे तोंडदेखले ऐकतो. आणि स्वतःपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या, पण त्याच्याच गल्लीतल्या मुलाचे मात्र न सांगताही ऐकतो, असे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिले. आमच्या शाळेच्या मैदानावर पहाटे पाच वाजता पोलीस भरतीची तयारी करणारी मुले येत. त्यांना भरतीच्या मैदानी चाचणीसाठी १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक यांची तयारी करायची असे. एक-दोन नववीतली मुले आधी नुसती वेळ लावून द्यायला येऊ लागली. मग एखादी फेरी सोबत धावू लागली. धावणे संपल्यावर भरतीची मुले रुमालात बांधून आणलेले मोड आलेले हरभरे आणि गुळाचा खडा खात, त्यात या लहानांचाही वाटा असे. त्यांतल्या एका मुलाला तोंडात मावा धरायची सवय लागली होती. भरतीच्या एका मुलाने त्याला एवढेच सांगितले, की अरे, हे तोंडात असताना चौथ्या फेरीला दम टिकत नाही, तू स्वतःच बघ. चारशे मीटरच्या चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, आणि खरी परीक्षा चौथ्या फेरीतच होते. त्या मुलाला वीस वर्षांनंतरच्या कर्करोगाची भीती नव्हती. उद्या पहाटे सगळ्यांच्या मागे पडण्याची होती. माझ्या अनेक व्याख्यानांनी जे साधले नाही, ते त्या एका वाक्याने साधले.

तालमीची परंपरा याच पायावर उभी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, आणि त्या काळापासून खेड्यापाड्यांतील मुले तालमीत येऊन राहत आली आहेत. तिथे वस्ताद शिकवतात हे खरे, पण लहान मुलाचा दिवस कसा जातो, हे त्याच्या शेजारी झोपणारा मोठा पैलवान ठरवतो. तो पहाटे उठतो म्हणून हा उठतो. तो जोर-बैठका मारतो, थंडाई घोटतो, दूध पितो, रात्री लवकर झोपतो म्हणून हाही तसेच करतो. मोठा पैलवान लहानाला अंगावर घेऊन डाव शिकवतो, तेव्हा आहाराचे आणि झोपेचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत.

प्रसिद्ध खेळाडूंचा आदर्शही मोलाचा आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवतो, तेव्हा आमच्या मुलांची मान ताठ होते. पण अभिमानाने मूल पहाटे उठत नाही. त्याला दारात येऊन हाक मारणारा कोणीतरी लागतो.

दोन धोक्यांकडे मात्र आपण डोळे उघडे ठेवून पाहावे. पहिला म्हणजे व्यायामशाळेत पावडरीचे डबे विकणारा प्रशिक्षक. मुलाला कमी वेळात शरीर फुगवण्याचे वचन कोणी देत असेल, तर त्या माणसापासून त्याला दूर ठेवावे. दुसरा धोका आमच्याच क्षेत्रातला आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. शाळा संघात बारा मुले घेते आणि उरलेल्या चाळीस मुलांना कडेला उभे करते. निवड न झालेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर येत नाही. मग तो चौकात जातो. ज्या मुलाला खेळाची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच आपण सर्वांत आधी घरी पाठवतो. संघात नसलेल्या मुलांसाठी रोज संध्याकाळी तासभर मैदान खुले राहील आणि तिथे एक जबाबदार माणूस असेल, एवढी सोय झाली तरी पुष्कळ फरक पडतो.

आरोग्यवाटा

सरांच्या अनुभवाला अभ्यासाचाही भक्कम आधार आहे. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून परदेशातील दोन उदाहरणे मांडते. एक फसलेले आहे आणि एक यशस्वी.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके समजावून सांगत आणि नकार कसा द्यावा याचे धडे देत. कार्यक्रम देशभर पसरला, पालकांना आवडला, शाळांना सोयीचा वाटला. पण त्याचे मूल्यमापन जेव्हा काटेकोरपणे झाले, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे पुन्हा पुन्हा आढळले. आपल्या शाळेतील व्याख्यान आणि शपथ यांच्याबद्दल आपल्याला जे जाणवले, ते त्याच जातीचे आहे.

दुसरे उदाहरण आइसलंडचे आहे. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती आणि २३ टक्के मुले रोज सिगारेट ओढत होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ५ आणि ३ टक्क्यांवर आले. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. शाळांमधून मुलांकडून नियमितपणे सविस्तर प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, आणि व्यसनांपासून दूर राहिलेल्या मुलांच्या आयुष्यात कोणत्या गोष्टी समान आहेत हे शोधले गेले. आठवड्यातून तीन-चार वेळा शिक्षकाच्या देखरेखीखाली खेळ किंवा कला, आठवड्याच्या कामाच्या दिवसांतही आईवडिलांबरोबर जाणारा वेळ, शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे ही जाणीव, आणि रात्री उशिरा बाहेर नसणे, या त्या गोष्टी होत्या. मग धोरणे त्यांभोवतीच आखली गेली. तंबाखू खरेदीचे वय १८ आणि दारूचे २० ठरले, दोन्हींच्या जाहिरातींवर बंदी आली. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहू नये असा कायदा झाला. रेक्याविक शहराने प्रत्येक मुलामागे कुटुंबाला वार्षिक अनुदान दिले, जे फक्त खेळ, संगीत, नृत्य अशा शिक्षणासाठीच वापरता येते.

आइसलंड हा चार लाखांच्या आतील लोकसंख्येचा संपन्न देश आहे आणि तेथील अनुदान आपल्या नगरपालिकेकडून येईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण त्यांनी केलेली एक गोष्ट बिनखर्चाची आहे आणि ती आपल्याकडे तशीच्या तशी करता येते. तेथील शाळांमध्ये पालक एकत्र येऊन लेखी करार करतात, की आमची मुले अमुक वेळेपर्यंत घरी येतील, अल्पवयीन मुलांसाठी आम्ही दारू विकत घेणार नाही, आणि एकमेकांच्या मुलांवर आम्ही सगळेच लक्ष ठेवू. या कराराचे बळ तो सगळ्यांचा असण्यात आहे. आपण एकट्यांनी मुलाला आठ वाजता घरी बोलावले तर तो मित्रांत वेगळा पडतो, आणि या वयात वेगळे पडण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. वर्गातील बहुतेक पालकांनी तीच वेळ ठरवली, तर आठ वाजता सगळा घोळकाच पांगतो आणि कोणाचाही अपमान होत नाही.

सोनचाफा

सर, आपला प्रतिसाद मनापासून आवडला; पण आपल्या मैदानावर मुली कुठेच दिसल्या नाहीत, म्हणून लिहिते आहे. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सहावीपासून खो-खो खेळते.

ताई, आपली मुलगी सातवीत आहे. मुली खेळ सोडतात त्या नेमक्या पुढच्या दोन वर्षांत. माझ्याबरोबर सहावीत धावणाऱ्या मुलींपैकी दहावीपर्यंत मोजक्याच उरल्या होत्या, आणि एकीनेही खेळाचा कंटाळा आला म्हणून खेळ सोडला नव्हता. एकीला घरून सांगितले गेले, की आता तू मोठी झालीस. एकीला मासिक पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्यामुळे आधी चार दिवस आणि मग कायमचेच घरी राहावे लागले. दोघींच्या घरचा रस्ता हिवाळ्यात साडेसहालाच अंधारात जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयोगटासाठी रोज तासभर तरी दमवणारी हालचाल हवी असे सांगितले आहे, आणि तिच्याच आकडेवारीनुसार २०१६ मध्ये जगभरातील ११ ते १७ वर्षांच्या ८५ टक्के मुलींना आणि ७८ टक्के मुलांना ती मिळत नव्हती. ही दरी मुलींच्या आळसातून आलेली नाही. वाट, दिवा आणि पाणी यांच्या अभावातून आली आहे.

मी टिकले याची कारणे साधी होती. आमच्या प्रशिक्षक ताई स्वतः खेळलेल्या होत्या. सराव संपला की त्या आम्हा सगळ्यांना एकत्र घेऊन निघत आणि ज्या क्रमाने घरे लागत त्या क्रमाने एकेकीला दारात सोडत. पाळीबद्दल त्या सरळ बोलत. त्या दिवशी जमेल तेवढेच धाव, पण मैदानावर ये, असे सांगत. आणि माझी आई आठवड्यातून एकदा मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसत असे, भाजी निवडायलाही तिथेच आणत असे. तिला खेळातले काही कळत नव्हते, पण तिला तिथे पाहून इतर मुलींच्या आयाही येऊ लागल्या, आणि मग मैदान ही मुलींची जागा नाही असे म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे छायाचित्र आमच्या वर्गात होते, ते मला फार प्रिय होते. तरीही मला मैदानावर रोज नेले ते आमच्या ताईंनी आणि आईने.

तालुक्यातील दंतवैद्य

मावा आणि सुपारीपुरते लिहितो. आपल्या मुलाच्या वर्गात काही मुले खातात, याचे मला आश्चर्य वाटले नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे सांगितले होते. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण १४.६ टक्के होते, म्हणजे दिशा चांगली आहे. पण त्याच पाहणीत, धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच सुरू केलेली होती. म्हणून नववीत व्याख्यान देणे हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत उशिराचे ठरते.

शाळांत गेलो की मी कर्करोगाची चित्रे दाखवत नाही. मुले मान फिरवतात आणि विषय संपतो. त्याऐवजी मी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटे उभी जोडून तोंडात घालून पाहायला सांगतो. निरोगी तोंडात ती सहज जातात. सतत सुपारी किंवा मावा चघळणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा घट्ट आणि पांढुरकी होत जाते, तिखट सोसेनासे होते आणि तोंड उघडणे कमी होते. ज्याची दोनच बोटे जातात तो मुलगा गप्प होतो, आणि वर्ग सुटल्यावर एकटा येऊन भेटतो. झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण सुपारी तिथेच थांबली तर पुढचे पुष्कळ टळते, हे मी त्याला स्पष्ट सांगतो. सोडायची इच्छा असेल त्याला १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक देतो. ज्यांची तीन बोटे जातात त्या मुलांना मी वर्गासमोर शाबासकी देतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे मात्र पालकांनाच सांगावे लागते, कारण लग्नाच्या पंगतीत मुलाच्या हातावर ती आपणच ठेवतो.

टपरीबद्दलही बोलायला हवे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालील मुलाला तर कुठेच विकता येत नाहीत. तंबाखू नियंत्रण कायद्यातील दंड किरकोळ आहे. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या गावात पालकांनी तक्रार करण्यापूर्वी टपरीवाल्याची भेट घेऊन हे कलम त्याला वाचून दाखवले. त्याने शाळेच्या वेळेत पुड्यांच्या माळा आत घेतल्या आणि पुढे जागाच बदलली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सारे जाणतो. म्हणून कायद्याच्या पाठीशी गावकऱ्यांचे डोळे असावे लागतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचताना एक गोष्ट स्पष्ट झाली. माझ्या मुलाचा प्रश्न संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेचा आहे, आणि ती वेळ त्याला देण्यासारखे आमच्या गावात चौकाखेरीज काहीच नाही. मी वर्गातील पालकांच्या गटावर करारासंबंधी लिहिले. काहींनी लगेच होकार दिला. काहींचे म्हणणे असे, की क्लासच साडेसातला सुटतो, मग मुलांनी खेळायचे कधी? याचे उत्तर मला सुचले नाही. तसेच मुलगा रात्री जागतो त्याबद्दलही कोणी लिहिल्यास बरे होईल.

आरोग्यवाटा

क्लासच्या वेळेबद्दल पालकांनी क्लासच्या शिक्षकांशी एकत्रितपणे बोलावे. वीस पालकांनी मिळून आठवड्यातील तीन दिवस तास सकाळी हलवण्याची विनंती केली, तर ती मान्य होण्याची शक्यता एकट्या पालकाच्या विनंतीपेक्षा कितीतरी जास्त असते, कारण वीस विद्यार्थी म्हणजे त्यांचा अर्धा वर्ग असतो.

झोपेबद्दल सांगायचे तर या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि शरीराचे घड्याळही थोडे पुढे सरकलेले असते, त्यामुळे त्याला उशिरा झोप येण्यात सगळा दोष त्याचा नाही. फोन रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, असा नियम करावा आणि तो आईवडिलांच्या फोनलाही लागू असावा. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीन असते. संध्याकाळी सातची बाटली रात्री अकरालाही अंगात असते, हे त्याला कदाचित कोणी सांगितलेलेच नसेल. आणि रात्रीचे एक जेवण चौघांनी एकत्र करावे. त्या जेवणात मावा खाणाऱ्या मित्राचा विषय निघाला, तर उपदेश न करता पुढचे ऐकून घ्यावे. आपला मुलगा आपल्याशी मोकळेपणाने बोलतो ही आपल्याजवळची सर्वांत मोठी ठेव आहे, आणि तो बोलत राहील तोवर बाहेरच्या कोणत्याही प्रभावाची खबर आपल्याला वेळेत लागेल.

जुने मैदान

सोनचाफा, आपण दाखवलेली उणीव खरी आहे. ताई, मैदानासाठी मुख्याध्यापकांकडे जाताना तोंडी विनंती करू नये. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव करून लेखी अर्ज द्यावा. अर्जात चार गोष्टी असाव्यात: संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदान सर्व मुला-मुलींसाठी खुले राहील, निवड चाचणी असणार नाही, कुंपणालगत दोन दिवे आणि स्वच्छतागृहात पाणी असेल, आणि पालकांपैकी दोघे, त्यांत एक आई, रोज पाळीपाळीने उपस्थित राहतील. शेवटचा मुद्दा वाचल्यावर मुख्याध्यापकांची जबाबदारीची भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे. आपल्या गावात भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतीलच. त्यांनाही संध्याकाळी गोळाफेकीच्या सरावासाठी त्याच मैदानावर बोलवावे आणि गोळा शाळेच्या क्रीडा साहित्यातून मिळावा, असे त्याच ठरावात नमूद करावे.